मेलेले मोजायचे कोणी?

सेंट पीटर्सबर्गच्या एका सुपरमार्केटात ३१ मार्च २०२२ रोजी एक तरुणी आली. मांडणीवरच्या मालाखालची किमतीची पाच लेबलं तिनं काढली आणि त्या जागी स्वतः छापून आणलेली लेबलं खोचली. आकार तोच, अक्षरं तशीच. फक्त जिथे रूबलचा आकडा असायचा तिथे दुसरेच आकडे होते. एका लेबलावर लिहिलं होतं, की मारियुपोलमधल्या कलाशाळेवर रशियन सैन्यानं बॉम्ब टाकला तेव्हा आत सुमारे ४०० माणसं आसऱ्याला बसलेली होती. एका वयस्कर गिऱ्हाइकाच्या ते नजरेस पडलं, तक्रार झाली, आणि ११ एप्रिलला पोलिसांनी साशा स्कोचिलेन्को या चित्रकार मुलीला उचललं. युक्रेनमध्ये सैन्य घुसवल्यावर दहा दिवसांच्या आत रशियानं नवा कायदा करून ठेवला होता. सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवली तर १५ वर्षांपर्यंत कैद. साशाला नोव्हेंबर २०२३ मध्ये ७ वर्षांची शिक्षा झाली. पाच चिठ्ठ्यांची सात वर्षं.

तिच्या आधी मॉस्कोतले एक नगरसेवक, अलेक्सेई गोरिनोव, तितक्याच वर्षांसाठी आत गेले होते. मार्च २०२२ मधल्या सभेत बालदिनासाठी मुलांची चित्रकला स्पर्धा भरवण्याचा विषय निघाला. युक्रेनमध्ये मुलं मरत असताना स्पर्धा कसल्या भरवता, असं ते म्हणाले. सभेचं चित्रीकरण होतच होतं. तोच पुरावा झाला.

साशानं पुतिन यांना शिवी दिली नव्हती की क्रेमलिनवर दगड मारला नव्हता. तिनं एक आकडा आणि एक पत्ता दिला होता. सरकारला नेमकं तेच झोंबलं.

आपल्याच देशानं परमुलखात चालवलेल्या युद्धाला घरबसल्या विरोध करणाऱ्यांची परंपरा सव्वाशे वर्षांची तरी आहे. तिचा ताळेबंद मांडला तर जमेच्या बाजूला फारसं काही दिसत नाही. या लोकांनी थांबवलेली युद्धं शोधायची म्हटली तर एका हाताची बोटंही पुरून उरतील. पण बारकाईनं पाहिलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्यांनी नुसते मोर्चे काढले त्यांचे मोर्चे पांगायची वाट बघत सरकारं निवांत बसली. ज्यांनी हाती वही घेऊन मेलेल्यांची नावं, वयं, गावं उतरवायला घेतली, त्यांच्यामागे मात्र सरकारं हात धुऊन लागली, आणि कधीकधी नमलीही.

या वहीचं पहिलं पान बहुधा एमिली हॉबहाउस यांचं. कॉर्नवॉलमधल्या एका पाद्र्याची ही चाळिशीची अविवाहित मुलगी जानेवारी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेनच्या छावणीत पोचली. इंग्रज आणि बोअर यांचं युद्ध तेव्हा लांबलं होतं. बोअर गनिमी काव्यानं लढत होते, आणि त्यांना दाणागोटा मिळू नये म्हणून इंग्रज फौजा शेतवाड्या जाळत सुटल्या होत्या. सुमारे ३०,००० वाड्या जळाल्या. बेघर झालेल्या बायकामुलांना तंबूंच्या छावण्यांत कोंबलं, आणि सरकारी कागदांत त्यांचं नाव ठेवलं ‘निर्वासितांची छावणी’.

एमिलीबाईंनी भाषणबाजी केली नाही. त्या तंबू तंबू फिरल्या आणि घरकामाच्या वहीत लिहावं तसं लिहीत गेल्या. एका तंबूत माणसं किती, अंथरुणं किती, पाणी कुठलं. पाणी नदीचं, गढूळ, उकळून प्यावं तर सरपण नाही, त्यामुळे टायफॉइड. साबण नाही. तो मागितला तर साबण ही चैनीची वस्तू आहे, असं उत्तर मिळालं. ज्या घरचा पुरुष अजून शरण आलेला नाही, त्या घरच्या पोरांचा शिधा कमी. लिझी व्हॅन झाइल ही ७ वर्षांची मुलगी त्यांनी अशीच पाहिली, हाडांचा सापळा झालेली. ती पुढे मे महिन्यात छावणीतच गेली. हे सगळं जून १९०१ मध्ये लंडनमध्ये छापून आलं, आणि विरोधी पक्षनेते हेन्री कॅम्पबेल-बॅनरमन यांनी भर भोजनसभेत सरकारच्या युद्धपद्धतीला रानटी ठरवलं.

मग व्हायचं ते झालं. एमिलीबाई देशद्रोही ठरल्या. सरकारनं चौकशीसाठी मिलिसेंट फॉसेट यांच्या हाताखाली फक्त बायकांची समिती नेमली, पण जिनं हे उघडकीला आणलं तिला त्यात घेतलं नाही. ऑक्टोबरमध्ये त्या पुन्हा केपटाउनला गेल्या तर त्यांना बंदरातूनच परत धाडलं. डिसेंबरमध्ये युद्धविरोधी सभा घ्यायला बर्मिंगहॅमला गेलेल्या लॉइड जॉर्ज यांना जमावाच्या तावडीतून सुटण्यासाठी पोलिसाचा वेश चढवून सभागृहाबाहेर पडावं लागलं. पुढे हेच गृहस्थ पंतप्रधान होऊन एका महायुद्धाचे सेनानायक मिरवले, हा भाग निराळा.

फॉसेट समितीनं एमिलीबाईंचं म्हणणं बहुतांशी खरं ठरवलं. छावण्यांचा कारभार लष्कराकडून मुलकी अधिकाऱ्यांकडे गेला, आणि त्या ऑक्टोबरात शिगेला पोचलेला मृत्युदर पुढच्या काही महिन्यांत झपाट्यानं उतरला. युद्ध थांबलं नाही. पोरं मरायची मात्र कमी झाली. तोवर सुमारे २८,००० बोअर छावण्यांत मेले होते, त्यांतली २२,००० सोळा वर्षांखालची मुलं. लढताना मेलेल्या बोअर पुरुषांपेक्षा हा आकडा कितीतरी पट मोठा आहे.

पण याही वहीची काही पानं कोरी राहिली. काळ्या आफ्रिकी लोकांसाठी वेगळ्या छावण्या होत्या. त्यांची दुरवस्था एमिलीबाईंच्या कानावर आली होती, कोणीतरी तिकडे बघावं असं त्यांनी लिहिलंही, पण कोणी बघितलं नाही. तिथे किमान १४,००० माणसं मेल्याच्या नोंदी पुढे अभ्यासकांनी धुंडाळून काढल्या, आणि खरा आकडा २०,००० च्या वर असावा असं अनेकांना वाटतं. ब्लूमफाँटेनला १९१३ मध्ये उभारलेल्या स्मारकावर २६,३७० बायकामुलांचा उल्लेख आहे. ती सगळी गोरी.

व्हिएतनाममध्ये गाडी उलट्या बाजूनं अडली. तिथे सरकारनं मोजलं, आणि फार मोजलं. या युद्धात पुढे सरकणारी आघाडी नव्हती, जिंकलेलं गाव संध्याकाळी पुन्हा शत्रूचं व्हायचं, त्यामुळे प्रगतिपुस्तकात भरायला एकच रकाना उरला. तो म्हणजे मारलेल्या शत्रूंची संख्या. रकाना भरण्यावर बढत्या अवलंबून राहिल्या की काय होतं, हे कुठल्याही मामलेदार कचेरीत काम केलेल्या माणसाला सांगायला नको. मेला तो व्हिएतनामी असेल तर तो व्हिएतकाँग, असा सैनिकांमधला अलिखित नियम झाला. मेकाँगच्या खोऱ्यात डिसेंबर १९६८ ते मे १९६९ या काळात अमेरिकेच्या नवव्या डिव्हिजननं जवळपास ११,००० शत्रू मारल्याचं कळवलं. हाती लागलेली हत्यारं होती ७४८.

माय लाईचा हिशेबही असाच. १६ मार्च १९६८ च्या सकाळी एक तुकडी या गावात शिरली. अहवालात नोंद झाली ती १२८ शत्रू ठार आणि तीन बंदुका जप्त अशी. गावातल्या आजच्या स्मारकावर ५०४ नावं आहेत, बहुतेक बायका, म्हातारी माणसं आणि मुलं. लष्करानं नंतर स्वतः केलेली मोजणी ३४७ ची. हेलिकॉप्टर चालवणाऱ्या ह्यू थॉम्प्सन यांनी वरून हे पाहिलं, यंत्र सरळ सैनिक आणि गावकरी यांच्यामध्ये उतरवलं, आणि काही जणांना वाचवलं. तिकडे हजर नसलेल्या, पण मित्रांकडून सगळं ऐकलेल्या रॉन रिडनहावर या सैनिकानं घरी परतल्यावर मार्च १९६९ मध्ये लोकप्रतिनिधींना आणि सरकारी कचेऱ्यांना पत्रं पाठवली. त्यातून चौकशी सुरू झाली. नोव्हेंबरात पत्रकार सेमूर हर्श यांनी प्रकरण फोडलं, आणि आठवड्याभरात लष्करी छायाचित्रकाराचे त्या दिवसाचे फोटो क्लीव्हलंडच्या वर्तमानपत्रात आले.

इथवर गोष्ट एमिलीबाईंसारखीच आहे. पुढचा भाग मात्र चळवळीच्या आठवणी लिहिणारे सहसा गाळतात. लेफ्टनंट विल्यम कॅली याला १९७१ मध्ये जन्मठेप झाली तेव्हा बहुसंख्य अमेरिकी जनता हळहळली ती त्याच्यासाठी. त्याच्या बाजूनं निघालेल्या गाण्याच्या दहा लाखांवर तबकड्या खपल्या. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याला तुरुंगातून काढून त्याच्या राहत्या घरी ठेवलं, आणि साडेतीन वर्षांच्या आसपास नजरकैद भोगून तो सुटला. ह्यू थॉम्प्सन यांना त्या दिवसाचं शौर्यपदक मिळायला १९९८ साल उजाडावं लागलं.

व्हिएतनामच्या विरोधाची व्याप्ती मोठीच होती. मार्च १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी रात्रभर चर्चा करून सुरुवात केली. एप्रिल १९६७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये युद्धाविरुद्ध बोलले, आणि त्यांच्या मित्रांनीही नाकं मुरडली. त्याच महिन्यात मुहम्मद अली यांनी भरतीला नकार देऊन आपलं विजेतेपद घालवलं. मे १९७० मध्ये केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळ्यांनी चार विद्यार्थी मेले. कोलकात्यात तर तुझं नाव, माझं नाव, व्हिएतनाम अशा अर्थाची बंगाली घोषणा भिंतीभिंतीवर होती. तरीही एक खडा टोचत राहतो. १९७३ च्या जानेवारीत सक्तीची भरती बंद झाली आणि विद्यापीठं शांत होत गेली. त्या वर्षी ऑगस्टपर्यंत कंबोडियावर बॉम्ब पडतच होते. ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात. इथे ज्याचं जळायचं थांबलं, त्याचं कळायचंही थांबलं. वॉशिंग्टनच्या काळ्या भिंतीवर ५८,००० हून अधिक अमेरिकी नावं कोरलेली आहेत. व्हिएतनाम सरकारनं १९९५ मध्ये दिलेला आपल्या मृत नागरिकांचा अंदाज आहे वीस लाखांचा.

आणखी एक अवघड गोष्ट. १९६८ च्या टेट हल्ल्यात कम्युनिस्टांनी ह्वे शहर जवळपास महिनाभर ताब्यात ठेवलं. त्यानंतर तिथे सामुदायिक थडग्यांतून सुमारे २,८०० मृतदेह निघाले. पाश्चात्त्य युद्धविरोधी सभांत त्यांचा उल्लेख क्वचितच व्हायचा, कारण ते चुकीच्या बाजूनं मारलेले होते.

मग इराक. या युद्धाला जितका विरोध झाला तितका सुरू होण्याआधी कुठल्याच युद्धाला झाला नसेल. १५ फेब्रुवारी २००३ या एका शनिवारी जगभरच्या सहाशेच्या वर शहरांत लोक रस्त्यावर उतरले. रोममध्ये तीस लाखांच्या आसपास. लंडनमध्ये पोलिसांच्या मते साडेसात लाख, आयोजकांच्या मते त्याच्या दुपटीहून अधिक. दहा दिवस आधी, ५ फेब्रुवारीला, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांत सद्दामच्या शस्त्रांचे पुरावे मांडायला आले, तेव्हा सुरक्षा परिषदेबाहेर लावलेल्या पिकासोच्या ‘गेर्निका’च्या गालिच्यावर निळा पडदा ओढलेला होता. बॉम्बनं फाटलेल्या गावाचं चित्र कॅमेऱ्यांच्या मागे नको, एवढं भान कोणाला तरी होतं.

२० मार्चला बॉम्ब पडू लागले. त्याआधी ब्रिटनच्या संसदेत मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध मत दिलं, रॉबिन कुक यांनी मंत्रिपद सोडलं, ब्रिटिश गुप्तहेर खात्यातल्या कॅथरिन गन यांनी संयुक्त राष्ट्रांतल्या प्रतिनिधींवर पाळत ठेवण्याचा बेत वर्तमानपत्राकडे पोचवला. कशानं काही अडलं नाही.

अडलं ते फक्त एका ठिकाणी, आणि तेही तीन मतांनी. तुर्कस्तानमार्गे उत्तरेकडून इराकमध्ये उतरण्यासाठी अमेरिकेला ६२,००० सैनिक तिथे आणायचे होते. १ मार्च २००३ रोजी अंकाराच्या संसदेत बाजूनं २६४, विरोधात २५० आणि तटस्थ १९ मतं पडली. ठरावाला उपस्थितांपैकी निम्म्याहून अधिक मतं हवी होती. तटस्थांनी कात्री लावली. भूमध्य समुद्रात ताटकळत उभ्या असलेल्या अमेरिकी जहाजांना वळसा घालून कुवेत गाठावं लागलं.

दिल्लीतही एक खेळ झाला, आणि तो शब्दांचा होता. ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेनं या युद्धाविरुद्ध एकमतानं ठराव केला. अध्यक्षस्थानी मनोहर जोशी होते. विरोधकांना कडक शब्द हवा होता, अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारला मऊ. तोडगा निघाला हिंदीत. ठराव ‘निंदा’ करणारा झाला. त्या एका शब्दाचं इंग्रजी ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं करावं. त्यानंतर अमेरिकेनं सुमारे १७,००० भारतीय सैनिक इराकमध्ये पाठवण्याचा आग्रह धरला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही, असं कारण देऊन १४ जुलैला मंत्रिमंडळाच्या समितीनं नकार कळवला. वाजपेयींनी डाव्या पुढाऱ्यांना बोलावून तुमचा विरोध बाहेर म्हणावा तसा ऐकू येत नाही, असं सुचवल्याचा किस्सा सांगितला जातो. त्या पुढाऱ्यांत नागपूरचे ए. बी. बर्धन होते. मुरलेल्या राजकारण्याला विरोधाचा उपयोग कुठे होतो, हे त्यातून दिसतं.

अमेरिकी सेनापती टॉमी फ्रँक्स यांनी आधीच सांगून टाकलं होतं, की आम्ही मुडदे मोजत नाही. व्हिएतनामच्या रकान्याचा धडा असा शिकला गेला. तेव्हा मोजणीचं काम बाहेरच्यांवर आलं. ब्रिटनमध्ये हमीत दरदगान आणि जॉन स्लोबोदा यांनी युद्धाच्या तोंडावर ‘इराक बॉडी काउंट’ सुरू केलं. बातम्या, इस्पितळांच्या आणि शवागारांच्या नोंदी ताडून एकेक मृत्यू टिपायचा, आणि आकडा नेहमी कमी-जास्त अशा जोडीत द्यायचा. वीस वर्षांत त्यांची मोजणी नागरिकांपुरती दोन लाखांच्या घरात पोचली.

दुसरी रीत नमुना पाहणीची. देशभर चिठ्ठ्या टाकून वस्त्या निवडायच्या, घरोघर जाऊन कोण कधी कशानं गेलं ते विचारायचं, शक्य तिथे मृत्यूचा दाखला बघायचा, आणि युद्धाआधीच्या मृत्युदराशी ताळा करून सबंध देशाचा अंदाज काढायचा. २००६ च्या ऑक्टोबरात ‘लॅन्सेट’मध्ये अशी पाहणी छापून आली. १,८४९ घरांवरून जास्तीच्या मृत्यूंचा अंदाज निघाला साडेसहा लाखांचा. त्याच्या दहा महिने आधी जॉर्ज बुश एका भाषणानंतर विचारल्यावर तीस हजाराच्या आसपास, असं म्हणून मोकळे झाले होते. पाहणी विश्वासार्ह नाही, असं बुश म्हणाले; लंडननंही हात झटकले. पुढे माहितीच्या अधिकारात निघालेल्या कागदांवरून कळलं, की ब्रिटिश संरक्षण खात्याच्याच शास्त्रीय सल्लागारांनी ही पद्धत भक्कम असल्याचा शेरा दिला होता. अर्थात त्या पाहणीवर टीका करणाऱ्यांत नुसते सरकारी भाट नव्हते. जागतिक आरोग्य संघटना आणि इराक सरकार यांनी ९,३४५ घरांची पाहणी केली, तेव्हा त्याच काळातल्या हिंसक मृत्यूंचा अंदाज १,५१,००० निघाला. साडेसहा लाखांचा आकडा फुगलेला असावा, असं आज बरेच अभ्यासक मानतात. तीस हजाराचा खरा होता, असं मात्र कोणी म्हणत नाही.

मराठी वाचकाला हा वाद ऐकल्यासारखा वाटेल. कोविडनंतर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ अखेरपर्यंतचे भारतातले जास्तीचे मृत्यू सुमारे ४७ लाख असल्याचा अंदाज दिला. सरकारी नोंद होती पाच लाखांच्या आत. आपल्या सरकारनं पद्धतीवरच आक्षेप घेतला. नोंदवहीतलं मरण आणि घरातलं मरण यांच्यामध्ये किती अंतर असू शकतं, हे स्मशानाबाहेर पावतीसाठी रांगेत उभं राहिलेल्यांना कोणी पटवून द्यावं लागत नाही.

या सगळ्या आकडेवारीत एक मुलगी उठून दिसते. मार्ला रुझिका, कॅलिफोर्नियाची. विशीत मोर्च्यांत घोषणा देणारी, सभा उधळणारी. २००२ मध्ये ती अफगाणिस्तानात गेली आणि तिचा नूर बदलला. मेलेल्यांच्या नातेवाइकांना नुसता आपल्या बाजूचा निषेध नको असतो, त्यांना कोणीतरी दारी येऊन चूक झाली म्हणायला हवं असतं आणि पडलेली भिंत बांधायला पैसे हवे असतात, हे तिला दिसलं. तिनं संस्था काढली, बगदादमध्ये इराकी स्वयंसेवक जमवले, आणि त्यांच्याकरवी घरोघर अर्ज भरून घ्यायला सुरुवात केली. मेलेल्याचं नाव, वय, तारीख, जागा, घरात मागे कोण. हे अर्ज घेऊन ती अमेरिकी सेनाधिकाऱ्यांच्या दारात बसायची, आणि वॉशिंग्टनला गेली की सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या. तिच्या जुन्या सोबत्यांना ती बाटली असं वाटायचं. लेहींनी तिच्या पाठपुराव्यामुळे युद्धपीडितांच्या मदतीसाठी काही कोटी डॉलर मंजूर करून घेतले. लष्कर स्वतःहून द्यायचं त्या सांत्वनरकमेची कमाल मर्यादा एका मृत्यूला २,५०० डॉलर होती, आणि ती देताना दोष कबूल केला जात नसे.

एप्रिल २००५ मध्ये मार्लाला एका अधिकाऱ्याकडून एक आकडा मिळाला. बगदादमध्ये २८ फेब्रुवारी ते ५ एप्रिल या काळात चकमकींत सापडून २९ नागरिक मेले होते. आकडा लहान होता, पण त्याचा अर्थ मोठा होता. लष्कर मोजत नाही हे खोटं होतं. ते मोजत होतं, सांगत नव्हतं. तिनं हे लिहून पाठवलं, आणि १६ एप्रिलला विमानतळाच्या रस्त्यावर एका आत्मघातकी हल्लेखोराच्या गाडीच्या स्फोटात ती आणि तिचे इराकी सहकारी फैज अली सलीम जळून गेले. ती २८ वर्षांची होती. लेहींनी मंजूर करवलेल्या निधीला पुढे तिचं नाव दिलं गेलं.

तिचं म्हणणं पाच वर्षांनी साधार सिद्ध झालं. ऑक्टोबर २०१० मध्ये विकिलीक्सनं अमेरिकी लष्कराचे इराकमधले जवळपास ३,९२,००० अहवाल उघड केले. त्यांत १,०९,०३२ मृत्यूंची नोंद होती आणि त्यांपैकी ६६,०८१ नागरिक होते, लष्कराच्याच हिशेबानं. इराक बॉडी काउंटच्या मंडळींनी ते चाळले, तर कुठल्याच बातमीत न आलेले सुमारे १५,००० नागरिक त्यांना सापडले. इराक युद्धाच्या चौकशीचा ब्रिटनचा चिलकॉट अहवाल २०१६ मध्ये आला, बारा खंडांचा आणि २६ लाख शब्दांचा, वरातीमागून आलेल्या घोड्यासारखा. नागरिकांच्या मृत्यूंचा विचार सरकारनं केला तो मुख्यतः आपल्यावरचे आरोप खोडून काढण्यासाठी, असा त्याचा निष्कर्ष आहे.

मार्लाचा जीव अमेरिकी बॉम्बनं घेतला नाही, हेही विसरून चालणार नाही. २००६-०७ मध्ये शिया-सुन्नी टोळ्या बगदादच्या मोहल्ल्यांत एकमेकांना वेचून मारत होत्या, बाजारात गाड्या फुटत होत्या. फेब्रुवारी २००३ मधली ती लाखोंची गर्दी तेव्हा कुठेच नव्हती. युद्ध लादणाऱ्यांनीच हे दार उघडलं, हा युक्तिवाद बरोबर आहे. पण भाजी मंडईत मेलेल्या बाईला तो कळवायचा कसा?

सुक्याबरोबर ओलंही जळतं, अशी आपल्याकडे म्हण आहे. लष्करं हेच जरा इस्त्री केलेल्या भाषेत सांगतात. अलीकडे तर आकाशातून, हजारो मैलांवरच्या खुर्चीतून, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी युद्धं चालतात, आणि नेमकेपणाचे दाखले दिले जातात. अजमत खान आणि आनंद गोपाल या पत्रकारांनी उत्तर इराकमध्ये दीडशेच्या आसपास हवाई हल्ल्यांच्या जागा पायी धुंडाळल्या. २०१७ मध्ये त्यांनी मांडलेला हिशेब असा, की पाचांतल्या एका हल्ल्यात नागरिक मेले होते. लष्कराच्या कबुलीच्या ३१ पट. काबूलमध्ये २९ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोननं एक पांढरी गाडी उडवली. दहशतवादी मारले, असं सांगण्यात आलं. पत्रकार अंगणात जाऊन पोचले तेव्हा कळलं, की गाडी एका अमेरिकी मदतसंस्थेत काम करणाऱ्या माणसाची होती, आणि मेलेल्या दहांपैकी सात मुलं होती. तीन आठवड्यांच्या आत पेंटागॉननं चूक कबूल केली. काबूल तेव्हा साऱ्या जगाच्या कॅमेऱ्यांसमोर होतं. आडगावच्या वाळवंटात हेच घडलं असतं तर कबुली आली असती का, याचं उत्तर त्या दीडशे जागांत आहे.

गाझात मोजणीचा हा झगडा अगदी उघडा झाला. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी जो बायडेन म्हणाले, की पॅलेस्टिनी सांगतात त्या आकड्यावर आपला विश्वास नाही. दुसऱ्याच दिवशी गाझाच्या आरोग्य खात्यानं यादी प्रसिद्ध केली. ६,७४७ नावं, प्रत्येकापुढे वय, स्त्री की पुरुष, आणि ओळखपत्राचा क्रमांक. तो क्रमांक इस्रायलच्या लोकसंख्या नोंदीत ताडून पाहता येतो, ही त्यातली मेख. २०२५ मध्ये तेल अवीवमध्ये काही इस्रायली माणसं रस्त्याकडेला मुकाट उभी राहू लागली. हातात गाझातल्या मेलेल्या मुलांचे फोटो, खाली नाव. घोषणा नाही. येणारेजाणारे त्यांच्यावर ओरडायचे.

साशा स्कोचिलेन्को १ ऑगस्ट २०२४ रोजी कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली आणि जर्मनीला गेली. गोरिनोव सुटले नाहीत.

या वहीत नावानिशी न उतरलेली मराठी माणसांचीही एक रांग इराकमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मेसोपोटेमियात पाठवलेल्या फौजेत सहावी पुणे डिव्हिजन होती, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात हे लोक डिसेंबर १९१५ पासून अडकले, घोडी कापून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जण तुर्कांना शरण गेले. ते लढणारे होते, नागरिक नव्हते. युद्ध मात्र त्यांचंही नव्हतं. या मोहिमेत मेलेल्या आणि थडगं न सापडलेल्या ४०,००० हून अधिक लोकांचं स्मारक बसऱ्याला उभारलं गेलं. गोऱ्या सैनिकांची नावं त्यावर कोरली. हिंदी साध्या शिपायांची कोरली नाहीत. पलटणीचं नाव, तिच्या अधिकाऱ्यांची नावं, आणि खाली उरलेल्या हिंदी सैनिकांचा नुसता आकडा. हे स्मारक १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमानं गोदीतून हलवलं गेलं. आता ते नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर आत, १९९१ च्या युद्धात जिथे धुमश्चक्री झाली त्या माळावर उभं आहे.